सिगरेट सोडायची आहे, वजनही उतरवायचंय : आधी काय?

वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

तंबाखू सोडण्याबद्दल आलेल्या पत्रांत यावेळी एकच काळजी फिरून फिरून दिसते: सोडलं की अंग सुटतं, त्याचं काय? म्हणून या अंकातली सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : वय ४१, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. दिवसाला पंधरा सिगरेटी. रक्तदाब वाढलेला निघाला तेव्हा डॉक्टरांनी सिगरेट आणि वजन दोन्हीचं सांगितलं. जानेवारीत एकाच दिवशी सिगरेट बंद, भात बंद आणि रात्रीचं जेवण बंद केलं. पाचव्या दिवशी घरात सगळ्यांवर ओरडलो आणि उठून टपरीवर गेलो. आता आंब्याच्या पेट्या रवाना झाल्या, हात मोकळे आहेत. पुन्हा दोन्ही एकदम सुरू करू का?
(एक बागायतदार, देवगड)

उत्तर : दोन्ही एकदम नको. आधी सिगरेट. पहिले बारा आठवडे वजन उतरवायचं नाही, फक्त थोपवायचं. उतरवायचं ते तेराव्या आठवड्यापासून.

जानेवारीत तुमचा निश्चय कच्चा होता असं मुळीच समजू नका. निकोटिन थांबल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. भूक मात्र त्यापुढेही, काहींची दहा आठवड्यांपर्यंत, वाढलेली राहते. त्याच दिवसांत तुम्ही भात आणि रात्रीचं जेवण तोडलंत. उपाशी पोटी तलफ दुप्पट जोराने येते, मग माणूस टपरीवर जातो यात नवल काहीच नाही.

वजन वाढतं ते तीन वाटांनी. निकोटिन हृदयाला आणि सगळ्या शरीराला जास्त पळवतं. दिवसाला वीसेक सिगरेटी ओढणाऱ्याचा हा जादा खर्च साधारण २०० कॅलरींचा असतो, तो थांबतो. निकोटिन भूक मारतं, तेही थांबतं. आणि जीभ-नाक पुन्हा कामाला लागतात, कुळथाच्या पिठीला पहिल्यासारखा वास येतो आणि भाताची मूद मोठी होते. सोडणाऱ्यांचं वजन पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वाढतं, त्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या तीन महिन्यांत. पण ही सरासरी आहे. सहांतल्या एकाचं वजन वर्षअखेर उलट कमी झालेलं असतं, आठांतल्या एकाचं दहा किलोंहून जास्त वाढतं. चार किलो वाढले तरी हृदयाचा हिशेब सोडणाऱ्याच्या बाजूनेच राहतो: वर्षभरात धूम्रपानामुळे आलेला हृदयविकाराचा जादा धोका जवळपास निम्म्यावर येतो. तुमचा रक्तदाब पाहता हे पक्कं लक्षात ठेवा.

आता थोपवायचं कसं. सुरुवात ताटापासून नको, चहापासून करा. दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली तर बारा चमचे, म्हणजे ६० ग्रॅम साखर आणि २४० कॅलरी. तीन कप आणि एकेक चमचा केलात तर ६० कॅलरी. वाचलेल्या १८० कॅलरी म्हणजे निकोटिन बंद झाल्याने थांबलेला जवळजवळ सगळा खर्च, आणि ताटातला एक घासही कमी झालेला नाही.

चहा कमी करायला दुसरं कारण आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. सिगरेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. धूर थांबला की निचरा मंदावतो आणि तेवढ्याच चहातून रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री दोनपर्यंत डोळा न लागणं, याला लोक ‘सिगरेट सोडल्याचा त्रास’ म्हणतात. त्यातला काही त्रास चहाचा असतो. चहा निम्म्यावर आणलात की तोही कमी होतो. शिवाय चहा आणि सिगरेट यांची जोडी पंधरा-वीस वर्षांची. कप हातात आला की बोटं खिसा चाचपतात. सकाळचा पहिला चहा पंधरा दिवस वेगळ्या जागी प्या: पडवीत पीत असाल तर स्वयंपाकघरात, कपाऐवजी पेल्यातून.

जेवण तिन्ही वेळचं वेळेवर घ्या. सकाळी पेज घेत असाल तर घ्याच, पण नुसती नको. सोबत एक उकडलेलं अंडं किंवा मोड आलेल्या कुळथाची उसळ असू द्या. प्रथिनं असली की अकरा वाजता पोट ओरडत नाही. दुपारी भात वाटीने मोजून वाढा. शिजलेल्या भाताची १५० ग्रॅमची वाटी सुमारे २०० कॅलरींची असते. पहिले बारा आठवडे तुमच्या दोन वाट्या चालतील. मासे रोज खा. फक्त रवा लावून तेलात तळलेल्या तुकडीऐवजी बांगड्याचं तिखलं किंवा तारलीचं सार करायला सांगा. तेलाचा एक लहान चमचा ४५ कॅलरींचा आणि रव्याचं आवरण तेल ओढून घेतं. काजूगरांचा डबा मात्र हाताशी ठेवू नका. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम गर सुमारे १७० कॅलरींचे असतात आणि तलफेत मूठ एकावर थांबत नाही. तोंड चालू ठेवायला तवसं (काकडी), गाजर, भाजलेले चणे बरे.

रोज अर्धा तास सड्यावर झपाझप चाला. तुमच्या वजनाला त्यात सुमारे दीडशे कॅलरी खर्च होतील, आणि चालताना व त्यानंतर थोडा वेळ तलफ खाली बसते, तो फायदा कॅलरींहून मोठा आहे. एक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते. घड्याळ लावून पाहा, बागेतल्या चार कलमांना फेरी घालून येईपर्यंत ती ओसरलेली असते.

तारीख ठरवण्यापूर्वी एक आठवडा प्रत्येक सिगरेटची वेळ आणि सोबत काय होतं ते लिहा. पंधरापैकी आठ-नऊ त्याच त्या ठरलेल्या वेळी निघतील. बंदोबस्त त्याच वेळांचा करायचा. आदल्या रात्री घरातली, गाडीच्या डिकीतली, पॅकिंग शेडमधली पाकिटं आणि लायटर काढून टाका. ‘अडीअडचणीला एक असू दे’ म्हणून राखलेली सिगरेटच पहिल्या आठवड्यात ओढली जाते.

वजन आठवड्यातून एकदाच करा: ठरलेला वार, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. कमरेचा घेरही मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर टेप धरून, श्वास सोडल्यावर. पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांनी ८० च्या आत असावं. बारा आठवड्यांत दोन किलोंपर्यंत वाढ झाली तर ठरवल्याप्रमाणे चाललंय असं समजा.

प्रश्न : मेडिकलमधून २ मिलीग्रॅमचे निकोटिन गम आणले. चघळले की घसा जळतो, उचक्या लागतात, छातीत जळजळ होते आणि तलफ तशीच राहते. हॉटेलात काम असल्याने दिवसभर कोकम सरबत, सोलकढी पिणं चालूच असतं. पैसे वाया गेले का?
(एक वाचक, मालवण)

उत्तर : गम ठीक आहे, चघळण्याची पद्धत चुकते आहे. बहुतेक जण हीच चूक करतात, म्हणून सविस्तर सांगतो.

हा साधा च्युइंगगम नव्हे. यातलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चघळलं की ते लाळेत उतरतं, लाळ गिळली जाते, आणि पोटातून गेलेलं निकोटिन यकृतातच बरंचसं संपतं. जळजळ आणि उचक्या मिळतात, तलफेला काही मिळत नाही. म्हणून दहा-पंधरा वेळा सावकाश चावा. तिखटसर चव किंवा झिणझिणी आली की थांबा आणि गम गाल व हिरडी यांच्या मध्ये सरकवून ठेवा. मिनिटभराने झिणझिणी गेली की पुन्हा थोडं चावा, या वेळी दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. मग थुंकून कागदात गुंडाळून टाका. त्यात निकोटिन उरलेलं असतं, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आणि कोकम! गालातून निकोटिन शोषलं जायला तोंडात आंबटपणा नसावा लागतो. कोकम सरबत, सोलकढी, लिंबू, कैरीचं पन्हं, चहा-कॉफी आणि बाटलीतली थंड पेयं, यांपैकी काहीही घेतल्यावर पंधरा मिनिटं गम तोंडात घालू नका, आणि गम तोंडात असताना तर पाण्याखेरीज काहीच नको. तुमच्या कामात दिवसभर घोट-घोट सरबत चालत असेल तर तुमचा एकही गम धड लागू पडला नसणार. आधी पाण्याने खळखळून चूळ भरा, मग गम.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागत असेल तर २ मिलीग्रॅम कमी पडतो, ४ चा लागतो; तो डॉक्टरांना विचारून घ्या. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, तलफ येण्याची वाट न पाहता. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी. शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. दिवसाला दोन-तीनच गम घेऊन ‘उपयोग नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पंधरा सिगरेटींच्या जागी पहिल्या आठवड्यांत आठ-दहा तरी लागतातच. गम चालू असेपर्यंत वजनवाढही काहीशी लांबते, बारा आठवड्यांची मुदत सोयीची ठरते ती त्यामुळेही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गम घेऊ नये.

प्रश्न : आमच्या ह्यांनी विड्या सोडल्या, त्याला दोन महिने झाले. आता दिवसातून तीन-चारदा मशेरी लावतात. म्हणतात, धूर नाही तर धोका नाही. मी स्वतः लग्नाआधीपासून सकाळी मशेरी लावते, नाही लावली तर पोट साफ होत नाही. सोडली तर मीही जाडी होईन का?
(एक वाचक, संगमेश्वर)

उत्तर : ताई, मशेरी म्हणजे तव्यावर जाळलेला तंबाखूच. निकोटिन त्यात आहे, आणि जाळल्यामुळे तयार होणारी घातक द्रव्यंही आहेत. ती थेट हिरडीवर घासली जातात. ह्यांनी विडी सोडली हे मोठं काम केलं, पण निकोटिनची सवय तोंडात बसलेलीच आहे. अशा माणसाला पुन्हा विडी लागायला एखादी लग्नघरातली रात्र पुरते. घरात मशेरी भाजत असाल तर ते आधी थांबवा, तो धूर लेकरांच्याही छातीत जातो.

पोटाचं तुमचं म्हणणं खरं आहे. निकोटिनने आतड्यांना चालना मिळते आणि ते बंद केल्यावर काही आठवडे कुंथावं लागतं. त्यावर उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, सकाळी नाचणीची आंबील किंवा भाकरी, दुपारी एक पालेभाजी, आणि रात्री एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात. इसबगोल कमी पाण्यात घेतलं तर उलट घट्ट होतं, पाण्यात कंजुषी नको. शौचाची वेळ तीच ठेवा आणि मशेरीच्या जागी ब्रश धरा. बोटाला हिरडी घासायची सवय असते, म्हणून पहिले काही दिवस साध्या दंतमंजनाने बोट फिरवलंत तरी हरकत नाही, मात्र डब्यावरचं वाचून घ्या, तंबाखू नसलेलंच हवं.

दिवसातून एकदाच लावणारीला एकदम सोडणं जमतं. ह्यांनी मात्र दर चार-पाच दिवसांनी एक वेळ कमी करावी, सगळ्यात आवडती वेळ शेवटी. वजनाचं भय तुम्ही बाळगू नका. मशेरीच्या एका वेळेला थांबणारा कॅलरींचा खर्च फार नाही. जाडी येते ती मशेरीच्या जागी चहा-खारी आली तर.

आरशासमोर उजेडात तोंड उघडून गालाच्या आत आणि जिभेखाली दोघांनीही बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, किंवा आपली तीन बोटं उभी आत जाण्याइतकं तोंड न उघडणं, यांतलं काही असेल तर दंतवैद्याकडे लगेच जा, सोडून बघू म्हणत थांबू नका. घरात कुणी गरोदर असेल आणि मशेरी लावत असेल तर तिची आजच थांबवा, बाळ कमी वजनाचं होतं.

प्रश्न : ट्रॉलरवर खलाशी आहे. जाळं ओढून झालं की तांडेलापासून सगळे विडी पेटवतात. एकाने ई-सिगरेट आणून देतो म्हटलं. घ्यावी का? आणि कातडीला चिकटवायची निकोटिनची पट्टी खाऱ्या पाण्यात टिकते का?
(एक वाचक, मिरकरवाडा, रत्नागिरी)

उत्तर : ई-सिगरेट नको, २०१९ पासून तिची विक्री देशात बंद आहे, चोरून येणाऱ्या मालात काय भरलंय याचा भरवसा नाही, आणि निकोटिनची सवय तशीच राहते.

विडी हलकी असते हा समजही सोडा. टेंभुर्णीच्या पानातून हवा फारशी आत शिरत नाही, ती सारखी विझू पाहते, म्हणून झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात. निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड त्यामुळे सिगरेटहून कमी मिळत नाही, बहुधा जास्तच मिळतं.

पट्टी टिकते, लावायची रीत सांभाळली तर. किनाऱ्यावर असताना, आंघोळीनंतर, पूर्ण कोरड्या आणि केस नसलेल्या दंडाच्या वरच्या भागावर लावा. तिथे खोबरेल तेल अजिबात नको, तेलावर चिकट धरत नाही. तळहाताने दहा सेकंद दाबून धरा आणि वर बाहीचा सदरा घाला. रोज जागा बदला, नाहीतर कातडी लाल होऊन खाजते. दहाहून जास्त ओढणाऱ्याला २१ मिलीग्रॅमची सहा आठवडे, मग १४ ची दोन, मग ७ ची दोन. झोपेत विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून ठेवा. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घडी करून टाका.

वजनाची चिंता तुम्ही बोटीवर करू नका, अंगमेहनत भरपूर आहे. फक्त रात्री विडीच्या जागी गोड चहात बुडवलेला बिस्किटाचा पुडा येऊ देऊ नका. सुरुवात पावसाळी बंदीत करा. जूनमध्ये बोट किनाऱ्याला लागली की ती माणसं, ती रात्र आणि ती वेळ, तिन्ही सुटतात. बोट पुन्हा समुद्रात जाईपर्यंत त्रासाचे आठवडे मागे पडलेले असतात.

प्रश्न : मधुमेह आहे. सिगरेट सोडून सहा आठवडे झाले, वजन अडीच किलो वाढलं, उपाशीपोटीची साखरही वाढली. आधीच बरं होतं का?
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर : नव्हतं. सिगरेटमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही; ते हळूहळू सुधारतं, पण सुरुवातीच्या महिन्यांत वाढलेलं वजन आणि जास्तीचं खाणं साखर वर ढकलतं. गोळी किंवा इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांना तपासायला सांगा आणि घरी आठवड्यातून दोन-तीनदा साखर बघा. पुढे इन्सुलिनचा परिणाम सुधारला की तीच मात्रा जास्त होऊन साखर उतरू शकते. घाम, थरथर, गरगर वाटलं तर आधी साखर खा, मग मोजा. दम्यासाठी थिओफिलिन, मनोविकारासाठी ओलान्झापिन किंवा क्लोझापिन, रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्या सगळ्यांनीच सिगरेट सोडल्याचं डॉक्टरांना सांगावं. धूर थांबला की यांचीही रक्तातली पातळी वाढू शकते.

प्रश्न : तीन महिने एकही ओढली नव्हती. गणपतीत भजनाच्या रात्री मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर एक ओढली. वजन तर साडेतीन किलो वाढलंच आहे. सगळं फुकट गेलं ना?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : एका सिगरेटने तीन महिने पुसले जात नाहीत. पुसले जातात ते ‘आता मोडलंच आहे’ म्हणून घेतलेल्या पाकिटाने. पाकीट घेतलं असेल तर आत्ता पाण्यात भिजवून टाका. पुढच्या भजनाला टाळ हातात घ्या, मागच्या पडवीत जाणाऱ्यांबरोबर उठू नका, आणि पाणी, पत्र्याच्या डब्यात लवंग-बडीशेप जवळ असू द्या. पोटात दारू असेल तर नकार जीभेवर येतच नाही, तेव्हा पहिले सहा महिने तीही दूर.

वजनाचं आता हाती घ्या, तुमचे बारा आठवडे झालेले आहेत. रोजच्या खाण्यातून ४०० ते ५०० कॅलरी कमी करा: भात दुपारी एक वाटी, रात्री अर्धी, तळणीचा मासा आठवड्यातून एकदा, सोलकढी पातळ दुधाची आणि एकच वाटी, कारण ओल्या नारळाच्या १०० ग्रॅम खवात साडेतीनशे कॅलरी असतात, चालणं अर्ध्या तासावरून पाऊण तास. महिन्याला दीड ते दोन किलो उतरले की पुरे, घाई केली की भूक वाढते आणि भुकेमागून तलफ येते. सणाला मोदक खाच, ताटावर बसून, दोन, तूप घालून. घरोघरच्या आरतीनंतरची उसळ-पाव आणि चहा मात्र प्रत्येक घरी घेऊ नका, रात्रीचं जेवण तिथेच दोनदा होतं.

थोडक्यात काही : सोडल्यावर खोकला वाढला, कफ पडतो (अलिबाग): श्वासनळीतली साफसफाई पुन्हा सुरू झाल्याची खूण, काही आठवड्यांत थांबते; रक्त पडलं, ताप आला किंवा तीन आठवड्यांहून लांबलं तर मात्र छातीची तपासणी. गोळीने सिगरेट सुटते का (दापोली): सुटते. ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळतात. ब्युप्रोपिऑनने वजनवाढही लांबते, पण फिट येणाऱ्याला ती देत नाहीत. बोलायला कुणी नाही (गुहागर): १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, हाच क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो, मराठीत बोलायचंय असं सांगा.

प्रश्न : सिगरेटऐवजी सुपारीचं खांड तोंडात ठेवतो, आमच्या श्रीवर्धनची रोठा. ती तर चालेल?
(एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : नाही. तंबाखूशिवायची नुसती सुपारीदेखील तोंडाच्या कर्करोगाचं कारण ठरलेली आहे, आणि तोंड उघडणं हळूहळू आखडतं ते तिच्यामुळेच. पाहुण्यांना द्या, विका, स्वतः खाऊ नका. शर्टाच्या ज्या खिशात पाकीट असायचं त्याच खिशात चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि थोडी बडीशेप कागदात बांधून ठेवा. हात सवयीने तिथेच जाणार आहे.